लॅब्राडॉरचा किनारा

कॅनडाच्या न्यू फाउंडलंड अँड लॅब्राडॉर प्रांतातील खडकाळ, विरळ वस्तीचा किनारा. दक्षिणेस बेल आइलची सामुद्रधुनी, उत्तरेस केप चिडली (सु. ५२° ते ६०° उ.). दक्षिण भागात बेटांची गर्दी, बुटके कातळ आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची जंगले आहेत. ५८° उ.च्या सुमारास किनाऱ्यावरची झाडे संपतात आणि टॉर्नगट पर्वत थेट समुद्रातून वर येतात. माउंट कॉबविक (१,६५२ मी.) हे त्यांतील सर्वोच्च शिखर. नॅचव्हक, सॅग्लेक हे फ्योर्ड (आत घुसलेल्या अरुंद, खोल खाड्या) हिमनद्यांनी कोरलेले आहेत.

नेन हे गाव साधारण एडिंबरोच्याच अक्षांशावर. पण एडिंबरोत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या वर राहते, तर नेनमध्ये ते उणे १७-१८° से.पर्यंत उतरते. याचे सगळे खापर किनाऱ्यालगत उत्तरेकडून वाहणाऱ्या थंड लॅब्राडॉर सागरी प्रवाहावर फोडण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. हिवाळ्यातली थंडी मुख्यतः पश्चिमी वारे आणतात, कारण ते गोठलेल्या खंडावरून येतात. ब्रिटनला तेच वारे समुद्रावरून मिळतात. प्रवाहाचा हात दिसतो तो उन्हाळ्यात. बर्फ जूनपर्यंत रेंगाळतो, धुके दाटते आणि जुलैची सरासरी जेमतेम १०° से.वर अडते. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून सुटलेले हिमनगही याच प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे जातात.

रिगोलेट, पोस्टव्हिल, मकोविक, होपडेल आणि नेन ही नुनात्सियावुत या इन्युइट (आर्क्टिकमधील मूळ रहिवासी) स्वशासित प्रदेशाची (स्था. २००५) पाच गावे. त्यांना जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, एरवी छोटे विमान. समुद्र गोठला की तोच हमरस्ता. स्किडूमागे (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीमागे) कोमाटिक ही लाकडी घसरगाडी बांधून माणसे शिकारीला, सरपणाला जातात. घट्ट बर्फ संपून खुले पाणी सुरू होते त्या कडेला ‘सिना’ म्हणतात. सीलची शिकार तिथेच, आणि धोकाही तिथेच. हिवाळा उबदार झाला की बर्फ उशिरा धरतो, आणि तेवढे दिवस गावे अडकून पडतात.

युरोपचे हवामान पश्चिमेकडून सरकत येते, म्हणून दुसऱ्या महायुद्धात या ओसाड किनाऱ्यालाही मोल आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-५३७ या जर्मन पाणबुडीने मार्टिन बे येथे स्वयंचलित हवामान केंद्र गुपचूप उभारले. ते नेमके काय आहे हे कॅनडाला १९८१ मध्ये कळले. आता ते ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे.