खिडक्या बुजवलेला डबा: मोटारींचा की पार्सलचा?

चिंचवड स्टेशनावर लोणावळा लोकलची वाट बघताना मधेच एखादी लांबलचक गाडी धडधडत निघून जाते. डबे प्रवासी गाडीचेच, पण एकही खिडकी उघडी नाही आणि दारात कुणी उभं नाही. परवा शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "भंगारात चालली वाटतं." त्यांच्या नातवानं लगेच सुधारलं, "नाही गं आजी, पार्सलची गाडी आहे." खरं तर ती नव्या मोटारी वाहणारी गाडी होती. रेल्वेवाले तिला एनएमजी म्हणतात, म्हणजे न्यू मॉडिफाइड गुड्स.

काकूंचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. एनएमजीचा डबा खरोखरच निवृत्त झालेला प्रवासी डबा असतो, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या जुन्या धर्तीचा. वय झालं की बाकं, पंखे, संडास सगळं काढून आतून मोकळा करतात आणि खिडक्यांवर पत्रा वेल्ड करतात. गाडी हळू जात असेल तर नीट बघा. रंगाखाली खिडक्यांच्या चौकटी ओळीनं उमटलेल्या दिसतात, बुजवलेल्या कोनाड्यासारख्या. मला त्या बघून दर वेळी वाटतं, इथेच कुणीतरी डोकं टेकवून रात्रभर प्रवास केला असेल. 2018 मध्ये आयसीएफनं त्या जुन्या धर्तीचे डबे बनवणं थांबवलं आणि त्यांची जागा नव्या, जर्मन धर्तीचे एलएचबी डबे घेऊ लागले. त्यामुळे असे मोकळे झालेले डबे पुष्कळ आहेत.

नातवाची गफलत मात्र भल्याभल्यांची होते. पार्सल व्हॅनही प्रवासी डब्याच्याच घडणीची असते आणि तिलाही प्रवासी डब्यासारख्या खिडक्या नसतात. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण दोन्हींचे रंग वेळोवेळी बदलत आलेत. बघायचं ते दार.

पार्सल व्हॅनची दारं बाजूला असतात, चांगली रुंद. फलाटावर हातगाडी लावली की हमाल खोकी, टोपल्या, गोण्या थेट आत ढकलतात. एनएमजीत बाजूची दारं खिडक्यांबरोबरच बंद केलेली असतात. तिचं दार डब्याच्या टोकाला असतं. प्रवासी डब्यात जिथून आपण अंग चोरून पुढच्या डब्यात जातो, तिथली अख्खी भिंत काढून मोठा दुपाखी दरवाजा बसवलेला असतो. कारण मोटार हमालाच्या खांद्यावरून चढत नाही, ती चालवत न्यावी लागते. गाडीच्या एका टोकाला रॅम्प लावतात, दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पट्ट्या टाकतात आणि ड्रायव्हर मोटार घेऊन एकेक डबा ओलांडत पार पुढच्या टोकापर्यंत जातो. पहिली चढलेली मोटार सगळ्यात लांबच्या डब्यात. मग चाकांपुढे ठोकळे, वर पट्टे. एका डब्यात साधारण पाच मोटारी मावतात, म्हणजे 25 डब्यांच्या रेकमध्ये (एकत्र जोडलेल्या डब्यांच्या अख्ख्या माळेत) सव्वाशेच्या आसपास. चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात कारखाने इतके आहेत की हे दृश्य इकडे नवं नाही.

(मोटारींसाठीच मुद्दाम बांधलेल्या दुमजली वाघिणीही धावतात. त्यांच्या एका रेकमध्ये 300 च्या वर मोटारी जातात. पण त्या प्रवासी डब्यासारख्या दिसतच नाहीत, तेव्हा गोंधळ नाही.)

आणखी एक खूण: एनएमजी फक्त एनएमजी डब्यांचाच अख्खा रेक करून धावते. पार्सल व्हॅन बहुधा एक्स्प्रेसला इंजिनाच्या मागे किंवा शेवटी एकटी जोडलेली सापडते. पार्सल व्हॅनचेच आख्खे रेकही निघतात, पहिली किसान रेल ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला गेली ती तशीच. म्हणून शेवटी भरवसा दारावरच ठेवावा.

गोंधळ वाढतो तो बाइकमुळे. पुणे स्टेशनाच्या पार्सल ऑफिसपाशी पोरं आपापल्या बाइक गोणपाटात शिवून घेताना दिसतात, टाकीतलं पेट्रोल काढलेलं, वर ठळक अक्षरात गावाचं नाव. या बाइक पार्सल म्हणूनच जातात, पार्सल व्हॅनमधून किंवा गार्डाच्या डब्यातल्या सामानाच्या कप्प्यातून. म्हणजे चाकं असलेला माल दोन्हींत असतो, फक्त पार्सल व्हॅनमध्ये तो उचलून ठेवलेला असतो आणि एनएमजीत चालवत आलेला.