वरचा दात काढल्याने नजर जात नाही

इंदूरच्या मराठी घरांतही आजी-आजोबांना हमखास ऐकवलं जातं: वरचा दात काढला की डोळा अधू होतो.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्या असतात. वरच्या दातांची संवेदना पाचव्या जोडीकडे, दृष्टी दुसऱ्या जोडीकडे. वाटा वेगळ्या. भुलीच्या इंजेक्शनाने क्वचित थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. भूल उतरली की ते थांबतं.

मग समज टिकला कसा? साठीनंतर दात हलणं आणि मोतीबिंदू वाढणं बहुधा एकाच काळात घडतं. पडताळायचं असेल तर दात काढण्याच्या आदल्या दिवशी आणि आठवड्यानंतर, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून, तोच चष्मा लावून, एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं. फरक दिसलाच तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.

उलट किडलेला सुळा तसाच ठेवणं धोक्याचं. मुळाशी साचलेला पू डोळ्याखाली पसरू शकतो. मधुमेहात हिरड्यांच्या संसर्गाने साखर आटोक्यात राहणं अवघड होतं (दोष मात्र इंदूरच्या सराफा खाऊबाजारातल्या जिलबीला एकटीला!). रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. दात काढल्यावर बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा आणि 24 तास जोराने चूळ भरू नये. रक्ताची गुठळी निघून आली तर खड्डा ठणकतो.