‘मारा’ की ‘नष्ट’? कोसोव्होच्या हवाई मोहिमेतील रोजच्या निवेदनांची पार्श्वभूमी

लष्करी प्रवक्त्याने पडद्यावर चित्रफीत लावून हल्ला समजावून सांगायचा, ही पद्धत १९९१च्या आखाती युद्धात रुळली. त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी मार्गदर्शित (लक्ष्याकडे वळवता येणारे) बॉम्ब दहा टक्क्यांहूनही कमी होते, पण पडद्यावर दिसत ते तेवढेच. २४ मार्च १९९९ला सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतातील संघर्षावरून नाटोची युगोस्लाव्हियावरील हवाई मोहीम सुरू झाली, तेव्हा ब्रसेल्समध्ये हाच साचा उचलला गेला. पुढचे ७८ दिवस मुलकी प्रवक्ता आणि त्याच्या जोडीला गणवेशातला अधिकारी पत्रकारांपुढे येत राहिले.

यातली खरी अडचण माहितीच्या वाटेत होती. वैमानिक तळावर उतरल्यावर तोंडी अहवाल देतो. कॉकपिटमधली फीत वेगळी तपासली जाते. मग सगळे इटलीतल्या व्हिचेन्झाच्या हवाई केंद्राकडे, तिथून बेल्जियममधल्या माँसच्या मुख्यालयाकडे आणि शेवटी प्रवक्त्याच्या हाती जाते. विमाने बहुतेक वेळा १५,००० फुटांवर राहून मारा करत होती. तिथून ट्रॅक्टर आणि लष्करी ट्रक यांतला फरक ओळखणे अवघड. युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडचे अधिकारी मात्र परदेशी कॅमेरे थेट घटनास्थळी नेत. त्यामुळे पूर्ण माहिती पोचण्याआधीच प्रवक्त्याला उत्तर द्यावे लागे.

१४ एप्रिलला कोसोव्होतल्या जाकोवित्साजवळ निर्वासितांचा ताफा बॉम्बखाली सापडला. युगोस्लाव्ह बाजूने ७०हून अधिक मृत्यू सांगितले. नाटोकडून आधी सर्बियन सैन्याकडे बोट दाखवले गेले. दुसऱ्या दिवशी एका नागरी वाहनावर चुकून बॉम्ब पडल्याची कबुली देत एका वैमानिकाच्या आवाजाची फीत ऐकवली गेली. ती फीत भलत्याच हल्ल्याची निघाली. १९ एप्रिलला एका हवाई अधिकाऱ्याने ब्रसेल्सला येऊन एकाहून अधिक ठिकाणचे हल्ले उलगडून सांगितले, पण तोवर पाच दिवस उलटले होते. फीत लावण्याआधी तिच्यावरची वेळ आणि ठिकाण जुळवून पाहणे एवढीच पायरी चुकली होती, आणि ती चुकायला नको होती.

सर्बियातल्या ग्रदेलित्साच्या पुलावरच्या रेल्वेगाडीची चित्रफीतही अशीच. १२ एप्रिलला गाडीवर क्षेपणास्त्रे आदळली, आणि वैमानिकाला थांबायला वेळच नव्हता हे सांगताना ही फीत दाखवली गेली. ती मूळ वेगाच्या सुमारे तिप्पट वेगाने चालली होती, हे जानेवारी २०००मध्ये एका जर्मन दैनिकाने उघड केले. फितीचे रूपांतर करताना तांत्रिक दोष राहिला, असे उत्तर मिळाले.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र आकड्यांचा, आणि त्याचे मूळ एका शब्दात आहे. मोहीम संपताना युगोस्लाव्ह सैन्याच्या हानीचे जाहीर आकडे होते: सुमारे १२० रणगाडे, २२० चिलखती वाहने, ४५० तोफा आणि उखळी तोफा. हे ‘नष्ट’ की नुसता ‘मारा’ झालेले? रोजच्या निवेदनात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले आणि वर्तमानपत्रांनी ‘नष्ट’ छापले. वस्तुतः बॉम्ब रणगाड्याशेजारी पडला, पट्टा तुटला, दोन दिवसांत दुरुस्तीही झाली, तरी तो ‘मारा’च.

युद्धानंतर नाटोच्या पथकाने जमिनीवर जाऊन तपासणी केली. वैमानिकांच्या १,९५५ दाव्यांपैकी ९७४ ग्राह्य ठरले. सप्टेंबर १९९९चे सुधारित आकडे होते ९३ रणगाडे, १५३ चिलखती वाहने, ३८९ तोफा. हेही यशस्वी माऱ्यांचे. पूर्ण उद्ध्वस्त अवस्थेत सापडलेले रणगाडे २६. बाकीचे चित्रफिती आणि साक्षीदार यांच्या आधारे धरलेले. सांगाडे ओढून नेले गेले, असा नाटोच्या लष्कराचा युक्तिवाद होता. तो नाकारता येत नाही, पण त्याने ‘नष्ट’ हा शब्द सिद्धही होत नाही.

युगोस्लाव्ह सैन्याच्या फसव्या लक्ष्यांनी गोंधळात भर घातली. जुन्या ट्रकच्या चाकांवर लांब काळा ओंडका ठेवला की वरून ती तोफ दिसे. दुधाच्या खोक्यांच्या धातूचे अस्तर असलेल्या कागदापासून क्षेपणास्त्र-प्रक्षेपकाची प्रतिकृती बनवलेली होती.

मे २०००मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाने पथकाच्या आधीच्या अहवालातले आकडे छापले: १४ रणगाडे, १८ चिलखती वाहने, २० तोफा. लष्कराने ते अपुरे म्हणून फेटाळले. पण वाद पेटला तो ‘मारा’ आणि ‘नष्ट’ हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे छापले नाहीत म्हणूनच.