नडगीचं हाड आणि वजनाचा काटा

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीला लागून दोन वजनकाटे ठेवलेले आहेत. घरोघरी असतात तसलेच, सुईवाले. चांगला पाय एका काट्यावर, मोडलेला दुसऱ्यावर आणि हात दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर. समोर उभा असलेला मुलगा एकोणीस वर्षांचा, तालुक्याच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या नडगीच्या हाडात सळई बसवली आहे. मोडलेल्या पायावर वीस किलोपर्यंत भार द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. सुई आठवर जाते, बारावर जाते, थरथरते. तेवढ्यात घामेजलेला हात दांडी आवळतो आणि सुई झर्रकन पाचवर येते. बाहेर बाकावर बसलेली आई दारात येऊन म्हणते, "ताई, हाड जुळू द्या ना पहिले. मग टेकवू पाय."

कुटुंब चोपड्याहून आलेलं असो की साक्रीहून, हे वाक्य मला ऐकायला मिळतंच. त्यामागची माया मला कळते. पण हाड काही आधी जुळून मग भार घेत नाही. ठरावीक टप्प्यानंतर भार मिळतो म्हणूनच ते नीट जुळतं. ही गोष्ट त्या माउलीला दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

बास्केटबॉलवाल्या मुलांमध्ये मोडलेल्या पायाचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईलवर एक जुना व्हिडिओ काढतंच. 31 मार्च 2013, अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर, कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत लुईव्हिल विरुद्ध ड्यूक. लुईव्हिलचा केव्हिन वेअर समोरच्याचा तीन गुणांचा फटका अडवायला उंच उडाला आणि उजव्या पायावर उतरला. कोणाचा धक्का नाही, कोणाच्या पायावर पाय नाही. तरी नडगी मधोमध मोडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याच्या संघाच्या बाकासमोरच हे घडलं. त्याचे सहकारी जमिनीवर बसून रडू लागले. ल्यूक हॅनकॉक नावाचा एक जण तेवढा धावत गेला, त्याने वेअरचा हात धरला आणि प्रार्थना म्हटली. वेअर मात्र बाकीच्यांना सांगत राहिला की माझं सोडा, सामना जिंका. त्यांनी तो 85-63 असा जिंकला. त्याच रात्री सुमारे दोन तासांची शस्त्रक्रिया होऊन हाडात सळई बसली. आठ दिवसांनी अटलांटात लुईव्हिलने अंतिम सामना मारला, तेव्हा विजेत्यांनी बास्केटची जाळी कापायची तिथली प्रथा कुबड्यांवर आलेल्या वेअरलाही पाळता यावी म्हणून बास्केट खाली आणली गेली. (ते विजेतेपद 2018 मध्ये वेगळ्याच कारणावरून रद्द झालं, या पायाशी त्याचा संबंध नाही.)

पाय मोडतानाचा तो व्हिडिओ बघू नका, असं मी मुलांना कळकळीने सांगते. त्यातून काही शिकायला मिळत नाही, भीती तेवढी मनात बसते. बघायचंच तर ऑक्टोबर 2013 मधलं बघा. सात महिन्यांनी तोच वेअर सराव सामन्यात उतरला आणि त्याने तीन गुणांची बास्केट केली.

मग साध्या उडीत हाड मोडतंच कसं? उडी मारून एका पायावर उतरताना जमिनीकडून पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट सहज होतो, कधी त्याहूनही जास्त. सत्तर किलोच्या पोराच्या पायावर क्षणभर तीन-साडेतीन क्विंटलचा भार आला असं समजा. सरळ उभ्या रेषेत आला तर नडगी तो पेलते. ती बांबूसारखी पोकळ नळी आहे, दाबाखाली भक्कम. पण पाय तिरका पडला, शरीर एकीकडे वळलं आणि पाऊल जमिनीला चिकटून राहिलं, तर हाडाला बाक बसतो किंवा पीळ पडतो. ताण आणि पीळ सोसण्यात हाड कच्चं. फळ्यावरचा खडू दोन्ही टोकांना धरून पिळून बघा: तो आडवा तुटत नाही, गोल फिरत जाणारी तिरकी भेग पडते. पिळाने मोडलेल्या नडगीच्या एक्स-रेत अगदी तशीच भेग दिसते.

दुसरं कारण आधीपासून हाडात दडलेलं असू शकतं. रोजच्या उड्यांनी हाडाला अतिसूक्ष्म भेगा पडतात आणि शरीर त्या बुजवत राहतं. आधी एका प्रकारच्या पेशी खराब झालेला भाग कुरतडून काढतात, मग दुसऱ्या तिथे नवं हाड भरतात. काढणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला काही महिने लागतात. या मधल्या काळात हाड उलट थोडं कमजोर असतं. नेमका तेव्हाच सराव एकदम वाढवला, तर भेगा बुजण्याऐवजी वाढत जातात. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. वेअरच्या बाबतीतही आधीची अशी भेग असावी, अशी शक्यता काही अस्थिरोगतज्ज्ञांनी तेव्हा बोलून दाखवली होती.

आपल्याकडे हे घडायला पुरेपूर वाव आहे. मुलं सुट्टीत महिना-दीड महिना घरी, केळीच्या बागेत नाहीतर कापसाच्या शेतात. कॉलेज सुरू झालं की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर येतात आणि सिमेंटच्या कोर्टवर सकाळ-संध्याकाळ उड्या सुरू. लाकडी कोर्ट थोडा धक्का खाऊन घेतं, सिमेंट तो जसाच्या तसा परत देतं. बूट तळ झिजेपर्यंत वापरलेले. नडगीच्या एकाच ठिकाणी बोट दाबलं की दुखतं, पळताना वाढतं, विश्रांतीने कमी होतं, असं कोणी म्हणालं तर त्याला तेल चोळून पुन्हा मैदानात ढकलू नका. दोन-चार आठवडे उड्या बंद करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ही भेग बऱ्याचदा दिसतही नाही.

आता मोडल्यावरचा पहिला तास. नडगीच्या पुढच्या-आतल्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये स्नायू नाहीच. पलंगाची कड लागली की जीव कळवळतो तो म्हणूनच. मोडलेलं टोक तिथून सहज बाहेर येतं आणि मैदानाची माती थेट हाडापर्यंत पोहोचते. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. वर स्वच्छ ओलसर कापड ठेवायचं, पाय आहे तसा फळी, पुठ्ठा किंवा बंद छत्रीच्या आधाराने सैलसर बांधायचा आणि 108 ला फोन करायचा. पाणी, चहा काही पाजायचं नाही, भूल द्यावी लागणार असते. उघड्या फ्रॅक्चरला प्रतिजैविकाचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, त्यामुळे इथे घड्याळाला फार किंमत आहे. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव, धुळे आणि नंदुरबारला, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पाय मोडलेल्या मुलाला आधी गावच्या हाडवैद्याकडे नेऊन मग शहराकडे निघण्याची गरज उरलेली नाही.

हाडवैद्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कौशल्य आहे, हे मी मानते. पण नडगीभोवती कामट्या करकचून बांधलेला पाय बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. मोडल्यावर आत रक्त आणि सूज साठते, कप्प्यातला दाब वाढतो, वरून घट्ट बंध पडला की आणखी वाढतो, आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात. याची खूण लक्षात ठेवा: औषधाने न थांबणारं आणि वाढतच जाणारं दुखणं, बोटांना मुंग्या, आणि दुसऱ्याने पायाची बोटं हळूच वर केली तर पोटरीतून निघणारी कळ. प्लॅस्टर घातलेलं असलं तरी हे होऊ शकतं. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची.

सळईची कल्पना जर्मन सर्जन गेरहार्ड क्युन्शर यांची. 1939 च्या सुमारास त्यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीतून लांब धातूचा खिळा घालून मोडलेली टोकं एका रेषेत धरली. महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या वैमानिकांचे एक्स-रे काढले तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांना हाडात हा खिळा दिसला आणि ते चक्रावले. आज नडगीसाठी गुडघ्याच्या वाटीजवळ छोटा छेद घेऊन सळई वरून खाली उतरवतात आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू लावतात. म्हणजे हाड पिळलं जात नाही, आखूडही होत नाही. पण सळई हाड जोडत नाही. ती फक्त धरून ठेवते. जोडायचं काम हाडाचंच.

ते काम बघण्यासारखं आहे. आधी मोडलेल्या जागी रक्ताची गाठ होते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसत जातात आणि वेल्डिंग केलेल्या जागी राहतो तसा टणक गोळा बनतो. नडगीला इथवर यायला साधारण चार-पाच महिने लागतात, उघडी जखम असेल तर बऱ्याचदा त्याहून जास्त. पुढे वर्ष-दोन वर्षं शरीर तो गोळा घासूनपुसून मूळ आकारात आणतं. कातडी भरून येते तेव्हा व्रण राहतो. हाड व्रण न ठेवता पुन्हा हाडच होतं.

कुठे जास्त भरायचं आणि कुठे काढायचं, हे हाड भारावरून ठरवतं. ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. हाडाच्या आत जागोजाग अडकलेल्या पेशी असतात, केसाहून बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. त्या नळ्यांत द्रव असतो. पाय टेकला की हाड अगदी किंचित दबतं, द्रव हलतो आणि पेशींना कळतं की इथे भार येतो आहे, इथे बांधा. भार आला नाही की निरोपही नाही. अंतराळवीरांना वजनच नसतं, तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतं. तीन महिने खाटेवर ठेवलेल्या पोराच्या पायातही हाड असंच विरळ होत जातं, आणि मांडीचा स्नायू तर त्याहून लवकर झिजतो. दर आठवड्याला मांडीला टेप लावून मी आईलाच आकडा वाचायला सांगते. दोन पायांतला फरक डोळ्यांनी दिसला की मग तीच पोराला उठवून उभं करते.

किती भार आणि केव्हा, हे मात्र मोडण्याची जात आणि एक्स-रे बघून सर्जनच ठरवतात. कोणाला दुसऱ्या दिवशी, कोणाला दोन महिन्यांनी. वजनकाटा त्यासाठीच असतो. वीस किलो म्हणजे किती, हे पायाला आपोआप कळत नाही, शिकवावं लागतं.

खाण्याबद्दल एक समज मला मोडून काढायचा आहे. "आंबट देऊ नका, जखम पिकेल" म्हणून लिंबू, आवळा, पेरू सगळं बंद करतात. हाडाचा सांगाडा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि ते विणायला क जीवनसत्त्व लागतं. वरणावर लिंबू पिळा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद आहे, ती उत्तमच. सोबत दूध, अंडी, डाळी द्या. आपल्या रखरखीत उन्हातही ड जीवनसत्त्व कमी असलेली मुलं भरपूर सापडतात, कारण ऊन टळल्यावरच ती बाहेर पडतात. ते तपासून घ्यावं. आणि तंबाखू, गुटखा, सिगारेट पूर्ण बंद. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, आणि रक्त पोहोचलं नाही तर हाड जुळणं महिनोन्‌महिने रखडतं.

गुडघ्याच्या आतली एसीएल ही दोरी तुटणं हा वेगळ्या लेखाचा विषय. इतकंच सांगते की मुलींमध्ये ती मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त तुटते, हाडासारखी आपली आपण जुळत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांची ती पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो.

सळईवाल्यांची नेहमीची तक्रार असते गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखण्याची. मांडी घालणं, उकिडवं बसणं, देवासमोर गुडघे टेकणं जड जातं. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं राहतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मुलाला वाटतं ऑपरेशन बिघडलं. परतीची वाटही सरळ नसते. वेअर परतला, पण थोडेच सामने खेळून त्या हंगामात त्याला पुन्हा थांबावं लागलं. मग त्याने कॉलेज बदललं, आणि मार्च 2015 मध्ये त्याच राष्ट्रीय स्पर्धेत तो जॉर्जिया स्टेटकडून खेळला. त्या संघाने बेलर या तगड्या संघाला 57-56 असं हरवलं. दोन वर्षं लागली.

वजनकाट्याचे ते दिवस मागे पडले. माझ्या त्या मुलाच्या ऑपरेशनला आता आठ महिने झाले. एक्स-रे स्वच्छ आहे, मोडलेल्या पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलं आहे. राहिली आहे भीती. म्हणून आम्ही सहा इंचांच्या पाटावरून सुरुवात केली. कसं उतरला ते मी डोळे मिटून ऐकते. धप्‌ असा आवाज आला म्हणजे गुडघे ताठ राहिले, सगळा धक्का नडगीने खाल्ला. आवाज कमी म्हणजे गुडघा आणि खुबा वाकले, स्नायूंनी धक्का झेलला. काल तो पहिल्यांदा मोडलेल्या पायावर एकट्याने उतरला. आई आत येऊन भिंतीला टेकून उभी होती. आवाज फार हलका आला. तिने माझ्याकडे बघितलं. मी मुलाला म्हणाले, "परत."