डबा लाइनीचा की घराचा?

शहापुरातलं आत्याचं घर बेळगावच्या जुन्या घरांसारखंच आहे. रस्त्याकडं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसू. रुंदी दहा-बारा फूट आणि लांबी आगगाडीच्या डब्याएवढी. यंदा तिनं टेलिफोनच्या तारेवरचं जुनं इंटरनेट बंद करून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं. जोडणीला माणूस यायच्या आदल्या रात्री मला तिचा फोन आला. "अरे, जुना डबा ठणठणीत चालतोय की. नव्या लाइनीला तोच लावायला सांगू काय? उगी दुसरा कशाला?"

प्रश्न अगदीच खुळा नाही. आपण ज्याला कधी मोडेम, कधी राऊटर म्हणतो, त्या एका डब्यात बहुतेक वेळा दोन बिऱ्हाडं असतात. एकाचं काम बाहेरून आलेल्या लाइनीशी बोलायचं, दुसऱ्याचं घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपशी. पहिलं बिऱ्हाड मोडेमचं, दुसरं राऊटरचं. कंपनी बदलली की पहिल्याला बहुधा घर सोडावं लागतं. दुसऱ्याला सोडावं लागेलच असं नाही.

आत्याच्या मोडेमला का सोडावं लागलं, ते बघू. टेलिफोनची तांब्याची जोडी मुळात माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. बोलणं कळायला 300 ते 3400 हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून फोननं तेवढाच वापरला. पण तांब्यातून याच्या कितीतरी वरच्या कंपनसंख्याही जातात. एडीएसएलनं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायच्या पद्धतीनं, नेमकी ती मोकळी जागा धरली, साधारण 25 किलोहर्ट्झपासून वर, आणि सुधारित एडीएसएल2+ मध्ये थेट 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत. फोनमागं ती चिमुकली डबी असायची ना, स्प्लिटर? खालचा आवाज आणि वरचं इंटरनेट वेगळं करायचं काम तिचं. ती काढली की फोनवर खरखर सुरू. मोडेम या पट्ट्याचे 512 बारीक कप्पे पाडतो आणि कुठल्या कप्प्यात किती माल मावतो याचा अंदाज घेत राहतो. वरच्या कंपनसंख्या तांब्यात लवकर विरतात, म्हणून एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला 24 एमबीपीएसच्या आसपास वेग मिळू शकतो आणि पाच किलोमीटरवरच्या घराला त्याचा चौथा हिस्साही नाही.

फायबरला यातलं काहीच लागू नाही. तिथं केसाएवढ्या जाडीची काच आहे आणि प्रकाश चालतो तो तिच्या गाभ्यातल्या जेमतेम नऊ मायक्रॉनच्या वाटेनं. काचेत प्रकाश विरतो तो काचेच्या स्वभावामुळं नव्हे, तर तिच्यातल्या अशुद्धीमुळं, हे चार्ल्स काओ यांनी 1966 साली सहकाऱ्यासोबत मांडलं. 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच कामासाठी. तांब्याच्या तारेवर विजेची कंपनं वाचायला शिकलेला मोडेम या प्रकाशापुढं आंधळा. फायबरचं टोक खुपसायला त्याला भोकसुद्धा नसतं. इथं लागतो तो ओएनटी, म्हणजे प्रकाश वाचणारा डबा. केबलवाले त्यालाच ओएनयू म्हणतात.

आता आत्याऐवजी तुम्ही आहात असं धरू. तुमच्याकडं आधीच फायबर आहे आणि फक्त कंपनी बदलायची आहे. जुना पांढरा डबा, नवा पांढरा डबा, दिसायला जुळे भाऊ. मग जुनाच का चालू नये? याचं उत्तर खांबावरच्या पेटीत आहे. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वापरतात त्या जीपॉन पद्धतीत कंपनीकडून निघालेली एकच काच पुढं 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. वाटणारी पेटी विजेशिवाय चालते, ती नुसता प्रकाश फोडते. खाली येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, वर जाणारा 1310 चा, म्हणून एकाच काचेतून दोन्हीकडची वाहतूक न धडकता चालते. खाली येणारा मजकूर मात्र सगळ्यांच्याच दारात येतो. ज्याचा त्यानं उचलायचा, शेजाऱ्याचा कुलूपबंद असतो. वर पाठवताना नळावर घागरींची पाळी लागते तशी पाळी. कुणी किती क्षण बोलायचं हे कंपनीकडचं यंत्र ठरवतं. मध्येच एखादा ओळखपाळख नसलेला डबा बोलायला लागला तर सगळ्या गल्लीचा घोटाळा. म्हणून प्रत्येक डब्याचा अनुक्रमांक कंपनीकडं नोंदवलेला असावा लागतो. नोंद नसली तर दिवा नुसता लुकलुकत राहतो. त्यातून काही कंपन्यांची बोली जीपॉन, काहींची ईपॉन. दोन्ही समजणारे डबे बाजारात मिळतात, पण नोंदणीचं कुलूप तिथंही आहेच.

माझं मत स्पष्ट आहे. ओएनटी स्वतः विकत घेऊ नका. तो लाइनीचा आहे, ज्याची लाइन त्यानं द्यावा, बिघडला तर त्यानं बदलून द्यावा. जुन्या कंपनीचा डबा परत करून पावती मात्र घ्या.

जोडणीच्या माणसाला एक आकडा आवर्जून विचारा, प्रकाशाची ताकद किती येते. ती डीबीएममध्ये मोजतात. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, उणे 20 म्हणजे त्याचा शंभरावा भाग. ओएनटीला साधारण उणे 8 ते उणे 27 पर्यंतचं वाचता येतं. उणे 20 च्या आसपास असेल तर निश्चिंत. उणे 26 दाखवत असेल तर आज नेट चालेल, पण एखादा जोड जरा मळला किंवा दाराच्या फटीत वायर आवळली गेली की लाल दिवा लागलाच. आत्याकडं आलेल्या पोरानं मीटर लावला आणि "सिग्नल कमी ऐत री" म्हणत परत शिडीवर चढला. हिरवी पिन निळ्या जोडात बसवली होती. हिरव्या पिनेचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्हीत फट राहते आणि प्रकाश तिथंच सांडतो. हिरव्याला हिरवा जोड दिल्यावर आकडा सुधारला. (त्या टोकात डोळा लावून बघू नका. हा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून डोळा मिटलाही जात नाही.)

आता दुसरं बिऱ्हाड, म्हणजे राऊटर. पैसे खर्चायचे तर इथं, कारण राऊटरची गाठ कंपनीशी नाही, तुमच्या भिंतींशी आहे. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्झची सहा. पाचवाली जास्त माल वाहते, पण भिंतीपुढं लवकर दमते. शहापुरातल्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती घ्या किंवा खानापूरकडची जांभ्या चिऱ्याची घरं घ्या. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरणारा, आणि पाणी या लहरी शोषतं. वर आमच्याकडं ज्याला तिजोरी म्हणतात ते लोखंडी कपाट नेमकं मधल्या भिंतीला लावलेलं. लोखंडातून लहर जातच नाही, परत फिरते.

दुकानात खोक्यावर "एसी1200" असं छापलेलं दिसतं. ती दोन्ही पट्ट्यांच्या वेगांची बेरीज असते, 2.4 चे 300 एमबीपीएस आणि 5 चे 867. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा बाराशे कुणालाच मिळत नाहीत. चार शिंगं, म्हणजे अँटेना, असलेला डबा दोन शिंगांच्या डब्यापेक्षा लांब पोचेल असंही नाही. माझं लक्ष आधी मागच्या बाजूच्या भोकांकडं जातं. ती 100 एमबीपीएसची असतील तर 200 चा प्लॅन घेऊनही वायरीतून शंभराच्या आतच मिळणार. ती गिगाबिटची हवीत. ओएनटीचीही तशीच हवीत, हे कंपनीला विचारून घ्या.

लांबट घरात एक दणकट डबा सोप्यात ठेवण्यापेक्षा दोन साधे डबे बरे, एक सोप्यात, दुसरा मागं, आणि दोघांत वायर. शिंग उभं ठेवलं की लहरी आडव्या, चौफेर पसरतात. माडीवर पोचवायचं असेल तर एक शिंग आडवं करा. आणि नव्या राऊटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. जुना पासवर्ड सोपा नसेल तर, अर्थात. घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे न विचारता जोडले जातात आणि तुमची संध्याकाळ वाचते.

वळवाच्या दिवसांत फायबरचा एक फायदा असा की काच वीज वाहत नाही. तांब्याच्या लाइनीवरून वळवाच्या विजांनी मोडेम जळालेले मी पाहिलेत. तरी गडगडायला लागलं की प्लग काढाच. अॅडॉप्टरची वायर तांब्याचीच आहे. शिवाय खांबावरून येणाऱ्या फायबरला आधार म्हणून बऱ्याचदा पोलादी तार असते. आणि वीज गेली की ओएनटी मुकाच, म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर ओएनटी आणि राऊटर दोघांनाही पुरेल असा बघा.

राहिला आत्याचा जुना डबा. तो मी टाकू दिला नाही. नव्या राऊटरपासून माजघरातून वायर ओढून तो स्वयंपाकघरात लावला. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, त्यात बंद केलं, नाहीतर एका घरात दोन पोस्टमन झाले असते. आता तो फक्त वायफाय देतो, तेही जुन्या पद्धतीचं 2.4 वालं, पण भाकरी थापताना भजनं ऐकायला तेवढं भरपूर. त्याच्यावरचा डीएसएलचा दिवा मात्र कायमचा विझलाय. आत्या अधूनमधून त्याच्यावर टिचकी मारून बघते आणि मला फोन करते, "अरे, नेट चालतंय, पण ते एक लाईट लागंना बघ."