थॅडियस स्टीव्हन्स : जिंकलेल्या एका खटल्यानंतर

१८२१ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चॅरिटी बटलर ही कृष्णवर्णीय स्त्री स्वतःसाठी आणि मुलांसाठी स्वातंत्र्य मागत होती. बाहेरच्या मालकाने गुलामाला सहा महिन्यांहून अधिक काळ राज्यात ठेवलं तर तो गुलाम मुक्त, असा तिथला कायदा होता. चॅरिटीचे दिवस त्याहून जास्त भरत होते, पण तुकड्यातुकड्यांनी. मेरीलँडच्या मालकाच्या वकिलाने तेवढाच मुद्दा धरला: मुदत सलग हवी. न्यायालयाने तो मानला आणि ती गुलामच राहिली.

गेटिसबर्गला वकिली करणारा, तिशीही न गाठलेला तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. पुढे गुलामगिरीविरोधी नेते ठरलेल्या स्टीव्हन्स यांचं नाव घेताना हा खटला वगळू नये, असं मला वाटतं. कायद्याच्या एका शब्दावर माणसाचं आयुष्य कसं पालटतं, हे त्यांनी तिथे अगदी जवळून पाहिलं होतं.

जन्म १७९२चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावचा. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील घर सोडून गेले आणि आईने कष्टाने चार मुलगे वाढवले. म्हणूनच की काय, १८३५मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात मोफत शाळांचा आदल्या वर्षीचा कायदा रद्द होऊ घातला, तेव्हा स्टीव्हन्स जीव तोडून बोलले. वरिष्ठ सभागृहाचं मत कायद्याविरुद्ध गेलं होतं. त्यांच्या भाषणानंतर कायदा वाचला. तीनच वर्षांनी राज्याच्या नव्या घटनेने मतदानाचा हक्क फक्त गोऱ्यांपुरता ठेवला. घटना समितीचे सदस्य असूनही त्यांनी तिच्यावर सही केली नाही.

पुढे ते लँकेस्टरला गेले. १८५१मध्ये जवळच्या क्रिस्टियाना गावी पळून आलेल्या गुलामांना धरायला आलेला मालक मारला गेला आणि सरकारने चक्क देशद्रोहाचा खटला भरला. या वेळी स्टीव्हन्स बचावाच्या बाजूला होते. आरोपी सुटला.

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात (१८६१–६५) ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात अर्थविषयक समितीचे अध्यक्ष होते. युद्धाच्या खर्चाची सगळी विधेयकं त्यांच्या हाताखालून गेली. १८६३मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती मात्र त्यांना अपुरी वाटत होती. तरी त्यांनी ती स्वीकारली. आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, असं त्यांनी सभागृहात सांगितलं.

त्यांची सर्वांत मोठी मागणी जमिनीची होती. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला ४० एकर द्यावी, असं विधेयक त्यांनी १८६७मध्ये मांडलं. नुसत्या मताच्या हक्काने माणूस मालकाच्या शेतावरून सुटत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं. पण जमीन जप्त करायला त्यांच्या रिपब्लिकन पक्षातलेही तयार नव्हते. विधेयक पडलं आणि लाखो माणसं त्याच शेतांवर वाटेकरी म्हणून राबत राहिली.

अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात त्यांनी पुढाकार घेतला, तेव्हा प्रकृती इतकी ढासळली होती की त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणावं लागे. जॉन्सन एका मताने वाचले. ११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स गेले. लँकेस्टरमधली इतर दफनभूमी वंश पाहून जागा देत, म्हणून त्यांनी सर्वांना खुली असलेली एक छोटी दफनभूमी निवडली होती. हे कारण त्यांनी आपल्या थडग्यावर कोरायला लावलं.