आठही दिवे लागले, तरी केबल दुखावलेली असू शकते

नेटवर्क केबल कोपऱ्यात काटकोनात दाबायची, वर क्लिप ठोकायची, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले की काम झाले! हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. साधा टेस्टर इतकेच सांगतो, की तारा तुटलेल्या नाहीत आणि क्रमाने जोडल्या आहेत. केबल किती वाकवायची याला मर्यादा असते, पण ती मुळात तार तुटू नये एवढ्यासाठी नाहीच.

आत तांब्याच्या आठ तारा असतात, पीळ दिलेल्या चार जोड्यांत. जोडीतल्या एका तारेवर जो संदेश, त्याचाच उलटा दुसरीवर. पलीकडे दोन्हींतला फरक मोजला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच येतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो. किती सुंदर युक्ती आहे ही! पण तिचा सारा भार पिळावर आणि दोन तारांमधल्या अंतरावर असतो.

कॅट ६ या दर्जाची नेटवर्क केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींसाठी बनवलेली असते. जोडीचा इम्पीडन्स, म्हणजे धावत्या लहरीला होणारा विद्युत विरोध, १०० ओहम असावा लागतो आणि तो तारांची जाडी, त्यांच्यातले अंतर व प्लास्टिकचे आवरण यांवर ठरतो. तीव्र घडी पडली की तारा फाकतात किंवा चेपतात. तिथे इम्पीडन्स बदलतो आणि लहरीचा काही भाग मागे फिरतो. जाड दोरीला पातळ दोरी बांधून झटका दिला, तर गाठीपाशी फिरतो तसाच. गिगाबिट इथरनेटमध्ये, म्हणजे सेकंदाला एक अब्ज बिट नेणाऱ्या जोडणीत, चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश धावतात. म्हणजे दुरून आलेला क्षीण आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनीतून वेगळा काढायचा! चिप तो प्रतिध्वनी गणिताने वजा करते, म्हणून एखादी घडी पचते. दहा घड्यांचे परिणाम मात्र साचत जातात.

नियम सोपा आहे: वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान चौपट. ६ मिलिमीटरच्या केबलला २४ मिलिमीटर. ओढतानाही जोर ११० न्यूटनच्या आत, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाइतका. एकदा मोडलेली घडी सरळ केल्याने आतला पीळ पूर्ववत होत नाही. सोन्याचा मुलामा दिलेले महाग कनेक्टर इथे काहीही वाचवत नाहीत.

काचतंतूत, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरमध्ये, घडते ते वेगळेच. तिथे वळण तीव्र झाले की पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे प्रकाशाचे आतल्या आतच परतत राहणे, पुरेसे होत नाही आणि प्रकाश खरोखरच बाहेर सांडतो. तपासणीचा लाल लेझर सोडला, तर पातळ आवरणाच्या तंतूत जास्त वाकलेली जागा लाल उजळलेली दिसते.